विश्लेषण : घोड्यांच्या शर्यतीतला ‘जॅकपॉट’ कसा ठरतो आणि तो लागणे इतके अवघड का?

हिंगोली जिल्ह्यात रेसकोर्स नाही. घोड्यांची परवानाधारक शर्यत पाहायची तर एकतर हैदराबादला मलकपेठ गाठावे लागते, नाहीतर पुणे किंवा मुंबईचे महालक्ष्मी. तरीही ‘पाच विजेते ओळखा, दहा रुपयांचे लाखो करा’ अशा अर्थाचे संदेश सेनगाव-औंढ्याच्या मोबाइलवर येऊ शकतात, आणि ते वाचणाऱ्याला हँडिकॅप, रेटिंग, ट्रेबल हे शब्द कुणी समजावून सांगितलेले नसतात. शर्यत म्हणजे आकड्यासारखेच नशीब, असे एकजण म्हणतो. दुसरा म्हणतो, सर्वोच्च न्यायालयानेच याला कौशल्याचा खेळ म्हटले आहे. दोघांचेही थोडेथोडे बरोबर आहे. मात्र यातला पैशांचा हिशेब या दोन वाक्यांत मावत नाही.

हिंगोलीचा आणि घोड्यांचा संबंध काय?

संबंध जुना आहे. निजामाच्या राज्यात घोडदळ, पायदळ आणि तोफखाना असलेल्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ची छावणी १९०३ पर्यंत हिंगोलीत होती. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगाव यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. तिथे विकले जाणारे घोडे आणि रेसकोर्सवर धावणारे घोडे यांच्यात मात्र मोठा फरक असतो. रेसकोर्सवर फक्त थरोब्रेड जातीचे, वंशावळीची अधिकृत नोंद असलेले घोडे धावतात आणि भारतातली ही नोंद रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ठेवली जाते. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणच्या शर्यती हाच क्लब भरवतो. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तर पुण्याचा पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर.

बैलांच्या शर्यती पाहिलेल्या वाचकाला पुढचा भाग परका वाटणार नाही. आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात, कारण कोवळ्या खोंडाला पूर्ण वाढलेल्या बैलाशी पळवण्यात अर्थ नसतो. घोड्यांच्या शर्यतीत हेच काम वजन करते.

‘हँडिकॅप’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द इंग्लंडच्या जुन्या अदलाबदलीच्या खेळातून आला. दोघांनी वस्तू बदलायच्या, तिसऱ्याने दोन्ही वस्तू पाहून वर किती पैसे द्यायचे ते सांगायचे, आणि सौदा मान्य की अमान्य हे दोघांनी टोपीत हात घालून कळवायचे. ‘हँड इन कॅप’चे पुढे हँडिकॅप झाले. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, बैलाच्या बदल्यात बैल देताना ‘वर किती’ हे ठरवतात. तिसऱ्या माणसाने दोन असमान गोष्टींमधला फरक आकड्यात सांगायचा, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

रेसकोर्सवर हा तिसरा माणूस म्हणजे क्लबचा हँडिकॅपर. तो प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून एक रेटिंग देतो. रेटिंगनुसार घोड्यांचे वर्ग पडतात. मुंबई-पुण्याच्या पद्धतीत चौथ्या वर्गात २० ते ४६ रेटिंगचे घोडे, तिसऱ्यात ४० ते ६६ चे, दुसऱ्यात ६० ते ८६ चे, अशी एकमेकांवर थोडी चढणारी उतरंड असते. एका वर्गातही घोडे सारखे नसतात, म्हणून रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो या दराने वजन ठरते. ४६ च्या घोड्यावर ६२ किलो ठेवले तर २० च्या घोड्यावर ४९ किलो येतात. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी पडत असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या भरतात. शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर जॉकी खोगिरासह काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यतही हातची जाऊ शकते.

तेरा किलो म्हणजे किती? जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की १६०० मीटरच्या शर्यतीत एक किलो वजन म्हणजे घोड्याच्या एका लांबीइतके अंतर. अंतर लहान असेल तर एक लांबी कापायला जास्त वजनाचा फरक लागतो, मोठे असेल तर कमी. म्हणजे कागदावर तेरा लांब्यांचा फरक असलेले दोन घोडे हँडिकॅपर वजन घालून एकाच रेषेवर आणू पाहतो. त्याचे काम पूर्ण यशस्वी झाले तर सगळे घोडे एकदमच रेषेवर पोहोचतील आणि विजेता ओळखणे निव्वळ नशिबावर राहील. पैसे लावणारा नेमके उलटे करतो. हँडिकॅपरचा हिशेब कुठे चुकला असेल ते तो शोधतो.

ही चूक कुठे सापडते?

समजा, एका घोड्याने १६०० मीटरची शर्यत तीन लांब्यांनी जिंकली. हँडिकॅपर त्याचे रेटिंग सहा गुणांनी वाढवेल, म्हणजे पुढच्या वेळी तीन किलो जादा. नवखा माणूस गेल्या वेळचा विजेता पाहून त्याच्यावर पैसे लावतो. मुरलेला माणूस विचारतो, हे वाढीव वजन त्याला झेपेल का? घोडा तीन वर्षांचा, अजून अंगाने भरत असेल, तर त्याची सुधारणा रेटिंगपेक्षा वेगाने होत असू शकते. सहा-सात वर्षांच्या घोड्याबाबत ती अपेक्षा धरता येत नाही.

वर्ग एकमेकांवर चढतात तिथे तर गंमतच असते. ४४ रेटिंगचा घोडा चौथ्या वर्गात धावला तर वरच्या उदाहरणातल्या दराने त्याच्यावर ६१ किलो येतात, तिसऱ्या वर्गात धावला तर ५१. घोडा तोच, त्या आठवड्यातली तब्येतही तीच, फक्त प्रतिस्पर्धी बदलले आणि दहा किलो उतरले. अंगाने लहान, जड वजनाला दबणारा घोडा असेल तर अनुभवी ट्रेनर त्याला वरच्या वर्गात हलक्या वजनावर पळवतो. दणकट घोडा असेल तर खालच्या वर्गात वजन घेऊन उतरवतो. शिकाऊ जॉकीला वजनात काही किलोंची सूट मिळते, तीही याच हिशेबात धरायची असते.

याच पद्धतीतून एक रोगही निघतो. हरल्यावर रेटिंग उतरत असेल, तर घोड्याला दोन-तीनदा मुद्दाम मागे ठेवायचे, वजन हलके करून घ्यायचे आणि मग एके दिवशी मोकळा सोडायचा, हा मोह आहे. त्यासाठीच स्टुअर्ड नेमलेले असतात. घोडा पूर्ण क्षमतेने पळवला नाही असे दिसले तर चौकशी होते आणि जॉकी-ट्रेनरवर बंदी येऊ शकते. तरीही ज्याच्याकडे फक्त मोबाइलवरचे आकडे आहेत, त्याला गेल्या वेळी मागे राहिलेला घोडा दमला होता की दाबला होता हे कळणे कठीण. पॅडॉकमध्ये घोडा प्रत्यक्ष पाहणाऱ्याला, सकाळच्या सरावाची वेळ घड्याळावर मोजणाऱ्याला ते थोडे अधिक कळते. हिंगोलीत बसून पैसे लावणारा नेमका या माहितीच्या शर्यतीत मागून निघालेला असतो.

रेसबुकातून जे कळते तेही कमी नाही. मागच्या पाच-सहा शर्यतींतले क्रमांक, त्या वेळचे वजन आणि आजचे वजन, अंतर, किती दिवसांनी धावतो आहे, सुरुवातीच्या गेटमधला क्रमांक. पुण्यात पावसाळी हंगाम असल्याने ट्रॅक किती ओला आहे हेही महत्त्वाचे. त्यासाठी पेनेट्रोमीटर नावाच्या उपकरणाने जमिनीचा मऊपणा मोजून आकडा जाहीर करतात. कोरड्या ट्रॅकवर चमकलेला घोडा चिखलात तसाच पळेल असे नाही. हे हिंगोलीच्या काळ्या रानात बैल हाकलेल्याला वेगळे सांगायला नको.

सर्व शर्यती हँडिकॅपच्या असतात का?

नाही. मोठ्या मानाच्या शर्यती ‘टर्म्स’वर होतात. १९४३ पासून महालक्ष्मीवर होणारी इंडियन डर्बी त्यातलीच. अंतर २४०० मीटर, फक्त चार वर्षांचे घोडे, वजन सर्वांना सारखे, घोडीला थोडी सूट. पहिली डर्बी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली होती. अशा शर्यतीत उत्तम घोड्याला वजनाने बांधलेले नसते, त्यामुळे त्याची बाजू अधिक स्पष्ट दिसते. हा फरक पुढे जॅकपॉटचे तिकीट मांडताना कामाला येतो.

जॅकपॉट आणि ट्रेबल म्हणजे काय?

रेसकोर्सवर पैसे दोन प्रकारे लागतात. परवानाधारक बुकी आधीच भाव सांगतो, त्याच भावाने पैसे देतो. टोट म्हणजे सामायिक गल्ला. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि क्लबचा हिस्सा कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. म्हणजे टोटवर तुमची लढत क्लबशी नसून शेजारच्या खिडकीवर तिकीट काढणाऱ्या माणसाशी असते. हळदीच्या लिलावात जसा सगळ्या खरेदीदारांच्या अंदाजातून भाव निघतो, तसाच टोटचा भाव सगळ्या पैसे लावणाऱ्यांच्या अंदाजातून निघतो.

एका शर्यतीतल्या प्रकारांत ‘विन’, ‘प्लेस’, पहिले दोन क्रमाने सांगायचे ‘फोरकास्ट’, पहिले तीन क्रमाने सांगायचे ‘टनाला’ येतात. अनेक शर्यतींच्या प्रकारांत तीन लागोपाठच्या विजेत्यांचा ‘ट्रेबल’ आणि पाच विजेत्यांचा ‘जॅकपॉट’. जॅकपॉटच्या निकालापुढे वर्तमानपत्रात ७० टक्के आणि ३० टक्के असे दोन आकडे छापलेले दिसतात. वाटायच्या रकमेतले ७० टक्के पाचही विजेते बरोबर सांगणाऱ्यांना आणि ३० टक्के चार बरोबर सांगणाऱ्यांना, असा त्याचा अर्थ.

दहा रुपयांत लाखो, ही जाहिरात इथून जन्मते. आता गणित पाहा. प्रत्येक शर्यतीत दहा घोडे असतील तर पाच शर्यतींच्या जोड्या एक लाख होतात. सगळ्या घ्यायच्या तर दहा रुपयांप्रमाणे दहा लाख रुपये लागतील. बरे, फक्त फेव्हरिट घेतले तर? जगभरचा ढोबळ अनुभव असा की फेव्हरिट तीनपैकी एकदा जिंकतो. पाचही जिंकण्याची शक्यता २४३ मध्ये एक. आणि कधीकाळी पाचही जिंकलेच, तर तेच तिकीट शेकडो जणांकडे असते, वाटणीला फार थोडे येते.

जाणकार तिकीट कसे मांडतात?

नवखा माणूस प्रत्येक शर्यतीत दोन घोडे घेतो. दोन गुणिले दोन असे पाच वेळा, म्हणजे ३२ जोड्या, ३२० रुपये. हे दिसायला समतोल असले तरी त्याने खात्रीच्या आणि अंधाऱ्या शर्यतींवर सारखाच खर्च केलेला असतो.

समजा, दिवसाच्या पाच शर्यतींपैकी पहिली टर्म्सची आहे आणि त्यात एक घोडा उघड सरस, त्याची शक्यता ६० टक्के. दुसरीतही एकाची बाजू भक्कम, ५० टक्के. तिसरी साधी. चौथी आणि पाचवी खालच्या वर्गाच्या हँडिकॅप, बारा-बारा घोड्यांच्या, कुणीही यावे अशा. प्रत्येक शर्यतीत वरचे दोन घोडे घेतले तर त्यांच्यापैकी कुणीतरी जिंकण्याची शक्यता अनुक्रमे ७५, ६८, ५५, ४२ आणि ४२ टक्के धरू. गुणाकार केला तर पाच टक्क्यांच्या आत येतो, म्हणजे वीसात एक.

आता त्याच ३२० रुपयांची मांडणी बदलू. पहिल्या दोन शर्यतींत एकेकच घोडा, तिसरीत दोन, शेवटच्या दोन अंधाऱ्या शर्यतींत चार-चार. एक गुणिले एक गुणिले दोन गुणिले चार गुणिले चार, जोड्या पुन्हा ३२. शक्यता ६०, ५०, ५५, ७० आणि ७० टक्के. गुणाकार आठ टक्क्यांवर जातो, साधारण बारात एक. शिवाय चौथ्या-पाचव्या शर्यतीत अनपेक्षित घोडा आला तर गर्दीच्या तिकिटांत तो नसतो, त्यामुळे वाटणी मोठी येते. एकच घोडा धरलेल्या शर्यतीला ‘बँकर’ म्हणतात. बँकर पडला की पहिल्याच शर्यतीत पाच विजेत्यांची आशा संपते. ती जोखीम या मांडणीत गृहीतच आहे.

म्हणजे यातले कौशल्य केवळ विजेता ओळखण्यात नाही. आपल्याला कुठे ठाम मत आहे आणि कुठे काहीच कळत नाही, हे स्वतःशी प्रामाणिकपणे कबूल करण्यात ते जास्त आहे. माझ्या मते नवख्या माणसाला हेच सर्वांत जड जाते. त्याला पाचही शर्यतींत मत असते.

मग हुशार माणसाला फायदा होत असेल ना?

इथे गल्ल्यातून किती कापले जाते हे पाहावे लागते. हिशेबासाठी क्लबची एकूण कपात २० टक्के धरू. एका घोड्यावर पैसे लावून जिंकलेली सगळी रक्कम पुढच्या घोड्यावर, असे पाच वेळा केले तर प्रत्येक वेळी २० टक्के जातात आणि शंभरातले सरासरी ३३ च उरतात. जॅकपॉटमध्ये कपात एकदाच होते, सरासरी ८० उरतात. अनेक शर्यतींच्या बेटचा हा खरा फायदा आहे आणि जुने रेसकर तो जाणून असतात.

पण तो कराने खाल्ला. शर्यतीच्या बेटवर वस्तू व सेवा कर क्लबच्या कमिशनवर नव्हे, तर लावलेल्या पूर्ण रकमेवर लागतो. आधी तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. कर वेगळा भरायचा धरला तर १०० रुपयांच्या तिकिटाला १४० रुपये पडतात आणि वाटायला ८० च उरतात. खिशातल्या शंभरामागे सरासरी ५७ परत. बरोबरीत सुटायचे असेल तरी इतर सर्व पैसे लावणाऱ्यांपेक्षा पावणेदोन पटीने सरस असावे लागते. वरच्या उदाहरणात तिकिटाची मांडणी सुधारून शक्यता वीसात एकवरून बारात एकवर आली. ती वाढही पावणेदोन पटीला पुरत नाही. ही तुलना अगदी काटेकोर नाही, कारण वाटणी दर वेळी बदलते. पण अंतराचा अंदाज येतो.

जिंकलेच तर आयकर वेगळा. शर्यतीतल्या कमाईवर सरळ ३० टक्के दराने कर आहे. एका व्यवहारात दहा हजारांवर रक्कम जिंकली तर तो जागेवरच कापला जातो. वर्षभरात हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. नव्वद हजार हरून एक लाख जिंकणाऱ्याच्या हातात दहा हजारांचा फायदा दिसतो, पण कर लाखावर बसतो.

कायदा काय म्हणतो?

डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. घोड्याची जात, तयारी, जॉकीचे कसब यांचा अभ्यास करता येतो, हा त्यामागचा मुद्दा. रेसकोर्सला आकडा-मटक्यापासून वेगळे धरले जाते ते यामुळेच. पण कौशल्याचा खेळ याचा अर्थ खेळणाऱ्या प्रत्येकाकडे कौशल्य आहे असा होत नाही. कुस्तीही कौशल्याची असते, म्हणून बघ्याने फडात उतरू नये.

महाराष्ट्रात रेसकोर्स १९१२ च्या परवाना कायद्याखाली चालतात आणि जुगारबंदी कायद्यातली सवलत परवानाधारक आवारातल्या बेटिंगपुरती आहे. गल्लीतल्या माणसाकडे ‘डब्ब्या’त लावलेले पैसे त्या सवलतीत बसत नाहीत. असे पैसे गल्ल्यात जातच नाहीत, त्यामुळे जॅकपॉट लागला तरी तो द्यायचा की नाही हे त्या माणसाच्या मर्जीवर असते. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांबाबत संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र बुडालेले पैसे परत मिळवून देणारी यंत्रणाही त्याच्या हाताशी नसते.

शर्यतीचा अभ्यास आवडत असेल तर तो पैसे न लावता करता येतो. पुण्याच्या हंगामात दर शर्यतीच्या दिवशी रेसबुक पाहून पाच विजेते वहीत लिहून ठेवावेत, तिकिटाची काल्पनिक किंमत करासह शेजारी मांडावी आणि संध्याकाळी निकालातले ७० आणि ३० टक्क्यांचे आकडे त्याखाली लिहावेत. ऑक्टोबरअखेर बेरीज करावी. वहीऐवजी घरातले, उधारीचे किंवा हळदीच्या पट्टीचे पैसे लागायला लागले असतील आणि थांबता येत नसेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतूनही बोलता येते.